वाजवून राहिली

१

कीबोर्डच्या पट्टीवरून बोट उचललं की पट्टी वर येते. ती बोटाच्या मागोमाग येते, की बोटाला वर ढकलते?

हे मी माझ्या बहिणीला, दामिनीताईला विचारलं होतं. ती नुसती हसली. तिच्या पुण्याच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अनुप, तुझी गाडी उन्हात उभी आहे, ती आधी सावलीत लाव." पुढे एका दुकानदाराला विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पिऊन आलोय. आता मी विचारणं सोडलं आहे.

मी अमरावतीला राजापेठेत दुचाक्या दुरुस्त करतो. शाळा मी लवकर सोडली. ताईने सोडली नाही. ती संगीत शिकली, घरी मुलांना कीबोर्ड शिकवायला लागली. आमचा कीबोर्ड साधा होता, प्लास्टिकच्या हलक्या पट्ट्यांचा. पण ताईला पियानो वाजवायचा होता. अकोल्याला एका जुन्या हॉलमध्ये लाकडी पियानो होता आणि दर रविवारी पुण्याचे सर तिथे शिकवायला यायचे. मी तिला गाडीवर न्यायचो. मूर्तिजापूरला चहा, मग थेट हॉल. येताना ती मागे बसून बोटं चोळत असायची आणि चिडलेली असायची.

"घरी मी वाघ असते बे, अन् इथं आली का मांजर," ती म्हणायची. "पट्टीच दबत नाही."

"काहून दबत नाही? पट्टी त पट्टी."

मग तिने मला एकदा समजावलं. कीबोर्डच्या पट्टीखाली रबराची टोपी असते, दाबली की दबते, सोडली की फुगते. पियानोची पट्टी बाहेर दिसते तेवढीच नसते. ती लाकडाची लांब फळी असते, आत हातभर गेलेली, मध्ये टेकवलेली. तिच्या पलीकडच्या टोकावर लोकरीचा जाड नमदा गुंडाळलेली हातोडी. बोटाने इकडे दाबायचं म्हणजे तिकडचं सगळं उचलायचं. मला लगेच कळलं. नव्या स्कूटीचा ब्रेक आणि जुन्या बुलेटचा क्लच यात जो फरक आहे तोच.

"तसंच नाही," ती म्हणाली. "हात दे."

तिने तळहात उताणा केला. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवायला लावली. "आता दाब." मी दाबलं. तिने खालून दाबलं, माझ्यापेक्षा थोडंसंच कमी. माझं बोट खाली गेलं, पण तिच्या परवानगीने गेल्यासारखं. "हा पियानो," ती म्हणाली. मग बोटं ढिली सोडली. "अन् हा आपला घरचा." तिचं करंगळीशेजारचं बोट तेवढं कच्चं होतं. ते उशिरा उठायचं. सर त्याला झोपाळू बोट म्हणायचे.

सरांना विनोद करायची सवय होती. फोनवर विचारायचे, "काय चाललंय?" ताई म्हणायची, "वाजवून राहिली सर." लगेच सर म्हणायचे, "वाजवलंस, आणि मग कुठे राहिलीस?" दर वेळी तोच विनोद. ताई दर वेळी हसायची आणि मला दर वेळी राग यायचा. आमच्याकडे असंच बोलतात. जेवून राहिलो, येऊन राहिलो. त्यात हसण्यासारखं काय आहे?

चौदा एप्रिलसाठी ती वस्तीतल्या मुलींची गाणी बसवत होती. मार्चमध्ये तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. चौदा एप्रिल आला तेव्हा मुली गायल्या. कीबोर्ड कोणी वाजवला नाही.

२

ताईचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. बडनेऱ्याचे डोमाजीकाका सगळ्यात शेवटी गेले. जाताना मायला म्हणाले, "जाईबाई, आता पोराकडे पाह्य." माय मान हलवत होती. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात आता मी आणि माय.

आमच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत ताईचा कीबोर्ड, खिडकीत कूलर, मायचा पलंग. मी कीबोर्डकडे बघायचं टाळत होतो. एका दुपारी मी वैतागून जेवायला घरी आलो होतो. एका गिऱ्हाइकाने सकाळी दुरुस्त केलेली गाडी दुपारी परत आणून टाकली होती. माय फडक्याने कीबोर्ड पुसत होती. मी जाता जाता एक पट्टी दाबली. डावीकडची अगदी शेवटची. भिंतीवरून जाताना माणूस हात फिरवतो ना, तशी.

ती दबली नाही.

मी थांबलो. परत दाबली. दबली, पण हळू. आणि बोट उचललं तशी हळू वर आली. आवाज आला नाही, कारण कीबोर्ड बंद होता. पण पट्टी वर येऊन बसताना जो टक असा प्लास्टिकचा आवाज यायला पाहिजे तो नव्हता. धप असा आवाज आला. लाकडाला नमदा लागल्यासारखा.

धूळ गेली असेल. पाणी गेलं असेल. मी जेवण राहू दिलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कीबोर्ड पालथा घातला. आत काय असतं? हिरवी पाटी, वायरी, रबराची पांढरी पट्टी. रबर बोटाने दाबून बघितलं, लहान मुलाच्या कानासारखं मऊ. कचरा नाही, ओल नाही. उघडा होता तोपर्यंत ती डावीकडची पट्टी हलकी होती. स्क्रू लावून सरळ केला की जड. परत उघडला. हलकी. परत लावला. जड. आता तिच्या शेजारचीही.

"अरे कोणता स्क्रू जास्त आवळतोय मी!" मी ओरडलो.

"राहू दे ना अनुप," माय स्वयंपाकघरातून म्हणाली. "वाजवून राहिली ते."

"कोण?"

"आता तूच उघडून बसला, त कशी वाजवन ते? ये, भाकर थंडी होऊन राहिली."

माणूस गेलं तरी जिभेची सवय लगेच जात नाही, असं मी मनाशी म्हणालो. मीही कालच चहा मांडताना तीन कप काढले होते. मी जेवायला बसलो. आतून बघत होतो, तर माय हात पुसून पुढच्या खोलीत गेली आणि कीबोर्डसमोर ताईच्या स्टुलावर जाऊन बसली.

मायने जन्मात कधी वाजवलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड चादरीत गुंडाळून वाद्यांच्या दुकानात नेला. दुकानाचा मालक जानराव म्हणून म्हातारा होता. पेट्या दुरुस्त करायचा, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्याने डावीकडून उजवीकडे सरसर बोट फिरवलं. सगळ्या पट्ट्या पळाल्या.

"लोण्यावाणी हाय भाऊ. जड काय हाय याच्यात?"

मी दाबून बघितलं. हलक्या. अगदी पहिल्या दिवशीसारख्या.

"घरी जड लागते," मी म्हणालो.

"घरचं सगळंच जड लागते," जानराव म्हणाला आणि त्याच्या शेजारचा माणूस हसला. "लग्न झालं काय तुमचं?"

"मी मजाक करून नाही राहिलो."

"मी बी नाही. तुमचं गॅरेज हाय ना? पान्यानं बोट थकते. पट्टी नाही जड, बोट जड हाय."

मग मी तो प्रश्न विचारला. पट्टी मागून येते की ढकलते. त्याने खर्रा थुंकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"वाजवते कोण याच्यावर?"

"माही बहीण वाजवून राहिली," मी म्हणालो. तोंडातून गेलं. परत घेता आलं नाही, आणि घ्यायचंही नव्हतं.

"मंग तिलेच घेऊन या ना. वाजवणाऱ्याले बराबर कळते, कुठं अडून राहिलं."

मी कीबोर्ड उचलला आणि निघालो. मागून तो म्हणाला, "अरे भाऊ, राग काहून आला?"

घरी आणून स्टँडवर ठेवला. दाबला. अर्ध्यापर्यंतच्या पट्ट्या जड झाल्या होत्या, डावीकडच्या जास्त, मध्ये येता येता थोड्या कमी. मला इतका राग आला की मी पट्ट्यांवर थापड मारली. हलक्या प्लास्टिकवर थापड मारली तर काहीतरी तुटायला पाहिजे. एकही पट्टी खाली गेली नाही. माझा हात कोपरापर्यंत झणझणला.

पलंगावरून माय म्हणाली, "तिच्या हातावर मारलं तू."

४

मागे कोणी बसलं की मला वळून बघावं लागत नाही. गाडी सांगते. मागचे शॉकअप दबतात, हँडल जरासं हलकं होतं. लहान पोर बसलं तरी कळतं. माझा धंदाच तो आहे.

रविवारी मायला भाजीबाजारात न्यायचं होतं. मी गाडी चालू करून थांबलो. थांबूनच राहिलो.

"बस ना माय."

"बसली ना बाप्पा केव्हाची. चाल."

आरशात बघितलं. माय बसली होती, पदर सावरून, हात माझ्या खांद्यावर. खांद्यावर हात दिसत होता. मला तो लागत नव्हता.

शॉकअप जाम झाले असतील. दुपारी गॅरेजवर दोन्ही काढले, तेल बदललं, परत बसवले. शेजारच्या पानवाल्याला मागे बसवलं, गाडी मस्त दबली. घरी येऊन मायला बसवलं. काही नाही. पानवाला उतरला होता तेव्हा गाडी जेवढी वर होती तेवढीच वर.

मग मी बघायला लागलो आणि बघायला लागलो म्हणून दिसायला लागलं. माय पलंगावरून उठली की गादीवर खड्डा नसायचा. ती स्वयंपाकघरात गेली की पायांचा आवाज यायचा नाही. म्हणजे ती वाळली होती असं नाही. उलट चेहरा आधीसारखाच, दंडाला ब्लाउजची बाही तशीच घट्ट. जेवतही होती. मी समोर बसून जेवायला लावायचो, ती सगळं संपवायची.

डॉक्टरकडे नेलं. दुःखात अशक्तपणा येतो, ते म्हणाले. मी म्हटलं, अशक्त नाही, हलकी झाली. ते म्हणाले, तेच ते. मी म्हटलं, तेच ते नाही, तुम्ही वजन करून पाहा. माय काट्यावर उभी राहिली. काटा थरथरला आणि जिथल्या तिथे राहिला. कंपाउंडरने काट्याला लाथ मारली. "स्प्रिंग गेली साहेब. कालपासून अशीच करून राहिली." मग तो स्वतः चढला आणि काटा गर्रकन फिरला. "आता आली," तो म्हणाला. मायला कोणी परत चढवलं नाही. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

मी बाहेर येऊन ती चिठ्ठी फाडली. मग परत गोळा केली, जोडली आणि टॉनिक आणलं. दुसरं काय करणार?

५

मे लागला होता. कूलरशिवाय बसवत नव्हतं. मी दुपारी घरी आलो तर दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. धप. धप धप. धप. मधेच थांबायचा, परत सुरू व्हायचा. एखादी अवघड जागा परत परत घोटतात तसा.

मी दाराच्या फटीतून बघितलं. माय स्टुलावर बसली होती. कीबोर्डची वायर भिंतीतून काढून मीच गुंडाळून ठेवली होती. मायची बोटं पट्ट्यांवर होती, पण ती दाबत नव्हती. बोटं आळीपाळीने वर जात होती. पट्टी आधी उठायची आणि तिच्यावरचं बोट मग. माय हसत होती, गुदगुल्या होत असल्यासारखी.

कूलरचा झोत तिच्या पाठीवर येत होता. झोताने पदर उडतो, केस उडतात. ती सगळीच्या सगळी पुढे सरकत होती, स्टुलावरून, जरा जरा. मग एका हाताने स्टूल धरून परत मागे बसायची.

मी आत गेलो आणि आधी कूलर बंद केला. का ते माहीत नाही. तेवढंच सुचलं.

"माय, उठ तिथून."

"गोष्ट सांगून राहिली ते मले," माय म्हणाली. "हात ठेव. ठेव ना, भेतं काय?"

मी भिऊन नाही, रागाने ठेवला. पाची बोटं, पाच पट्ट्यांवर. लाकडासारख्या गार होत्या. मी दाबलं. खालून कोणीतरी दाबलं. माझ्यापेक्षा थोडंसंच कमी.

रबर असं करत नाही. स्प्रिंग असं करत नाही. स्प्रिंग मूर्ख असते, तिला जेवढं दाबाल तेवढं ती परत देते. हे मोजून देत होतं. मी जोर कमी केला तर त्यानेही कमी केला. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं, सगळी बरोबर. चौथ्या पट्टीवर माझं बोट आधी थोडं खाली गेलं, आणि मग खालून ते उठलं. उशिरा.

मी हात ओढला. बोटांच्या टोकांना भोवरे उमटले होते, बारीक बारीक रेषांचे. शाई न लावता अंगठा घ्यावा तसे. माझे नव्हते. माझ्या बोटांची कातडी ग्रीसने आणि पेट्रोलने केव्हाच गुळगुळीत झाली आहे.

बघता बघता ते मिटले.

"पटलं?" माय म्हणाली.

६

पटलं, म्हणूनच मला राग आला. ताईचा राग. ती गेली तेव्हा मी रोज मनात म्हणायचो, काहीही कर, ये. आणि ती आली तर अशी. मला वाटलं होतं ती येईल तर माझ्या गाडीवर मागे बसेल.

मी डोमाजीकाकांना बोलावलं. ते आले, पट्ट्यांना हात लावला आणि म्हणाले, "जाम झाल्या आहेत. फेकून दे."

"काका, मायकडे पाहा. मायले उचलून पाहा."

"शरम वाटू दे. तुह्या आईले उचलून पाहू?"

"हलकी होऊन राहिली ते. अन् हे जड होऊन राहिलं. तिचंच याच्यात जाऊन राहिलं, काका!"

काकांनी दार लोटून घेतलं. मग आवाज हळू करून म्हणाले, "अनुप, आपण बुद्धाची माणसं आहोत. आपल्यात असलं काही नसते."

"मंग हे काय आहे?"

"हे नाही आहे."

दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तर एखाद्या बाबाकडे गेले असते, लिंबू उतरवलं असतं, काहीतरी केलं असतं. आमच्याकडे करायला काही नाही, कारण आमच्याकडे असं होतच नाही. मी काकांवर ओरडलो. ते चहा न पिता गेले.

मग मी कीबोर्ड उचलून गॅरेजवर न्यायचं ठरवलं. उचलायला गेलो तेव्हा कळलं, तो एका माणसाचा उरला नव्हता. दोन पोरं शेजारून बोलावली. माय दारात आडवी उभी राहिली.

"एकदा लेकरू घरातून काढलं," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा काढतं?"

"माय, तू संपून राहिली."

"मंग? तिच्या कामी पडून राहिली ना."

बाहेर गरम वारा सुटला होता. माय दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती. मला आधी वाटलं, मला अडवायला. मग तिचे पाय बघितले. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

पोरांना मी परत पाठवलं. त्या रात्री आणि नंतर बऱ्याच रात्री मी मायच्या पदराची गाठ पलंगाच्या दांडीला बांधली. लहानपणी ती मला अशीच बांधायची, मी रस्त्यावर पळायचो म्हणून.

मी सरांना पुण्याला फोन केला. ताई गेल्यापासून ते अकोल्याला आले नव्हते. मी सगळं नाही सांगितलं. एवढंच विचारलं, ताईला काय पाहिजे होतं?

सर या वेळी विनोद करत नव्हते. म्हणाले, "वजन. शेवटच्या रविवारी ती मला म्हणाली, सर, माझ्या बोटांखाली काहीच नसतं हो घरी. आठवडाभर मी हवेत वाजवते. मी म्हटलं, पियानो इथे आहे, तू इथे ये." मग म्हणाले, "ती येतच होती की."

७

शेवटी मायला मी खोटं नाही सांगितलं. म्हणालो, ताईला अकोल्याला घेऊन चाललो, तिच्या पियानोकडे. तूही चाल. माय लगेच तयार झाली, नवी साडी नेसली.

चार जणांनी कीबोर्ड गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधला. मागचं टायर रिमपर्यंत बसलं. माय त्याच्या आणि माझ्या मध्ये बसली आणि मी तिच्या पदराचं टोक माझ्या कमरेच्या पट्ट्यात खोचलं. पहाटे निघालो. मूर्तिजापूरला मी थांबलो नाही. एक ट्रक जोरात बाजूने गेला तेव्हा मायचे दोन्ही हात एकदम माझ्या गळ्याभोवती आले. ते पतंगाच्या मांज्यासारखे होते, ओढ होती पण भार नव्हता.

हॉलचा रखवालदार चंद्रभान मला ओळखत होता. दार उघडता उघडता म्हणाला, "काय फायदा? ताई गेल्यापासून याच्या पट्ट्या उठतच नाहीत. आडव्या पडून हायेत सगळ्या. उंदरानं आतलं खाल्लं असन." मग त्याने मायकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. बाहेर जाऊन बसला.

पियानो भिंतीला लागून होता. पट्ट्या खरंच खाली पडलेल्या होत्या, सगळ्या, दाबून ठेवल्यासारख्या. मी एकीखाली नख घालून ती वर केली. सोडली, परत पडली. काहीच वजन नव्हतं. मायला मी मागच्या बाकावर बसवलं. चंद्रभानच्या मदतीने कीबोर्ड ओढत आणला आणि पियानोच्या पायाशी ठेवला.

पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी एवढंच ठरवलं होतं, इथपर्यंत. मी पियानोसमोर बसलो आणि पडलेल्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. वेळ गेला. बाहेर चंद्रभान कोणाशीतरी फोनवर बोलत होता. मला खूप मूर्ख वाटलं. मग मी रागाने बोललो, जसा मी तिच्याशी नेहमी बोलायचो.

"तुले जड पाहिजे होतं ना? हे घे. एवढं मोठं लाकूड पडून आहे इथं. पण मायचं नको घेऊ. मायचं काहून घेतं? तिच्याजवळ आहे किती?"

काही नाही.

"ताई, मले पण तू पाहिजे. मी नाही म्हणून राहिलो काय? पण दोघी गेल्यावर मी घरी जाऊन काय करू?"

माझ्या डाव्या हाताची करंगळी वर गेली.

मी उचलली नव्हती. तिच्याखालची पट्टी वर आली होती. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. लाकूड आत कुठेतरी लांबपर्यंत हलत गेल्याचा आवाज आला, आणि एकेक करत सगळ्या पट्ट्या उठून बसल्या, डावीकडून उजवीकडे. मी हात काढून घेतले. मी हात काढल्यावर मधल्या काही पट्ट्या परत खाली गेल्या, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. वर आल्या. खाली गेल्या. आवाज फार बारीक होता. आता ती खालून नव्हती. वरून होती. पियानोच्या काळ्या पॉलिशमध्ये माझ्या शेजारी काहीतरी वाकलेलं दिसत होतं, आणि मी तिकडे बघितलं नाही.

मी पायाने कीबोर्डला धक्का दिला. तो प्लास्टिकसारखा सरकला.

मागे बाक करकरला. मोठ्याने, जाड बाई धपकन बसावी तसा. आणि माय रडायला लागली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता ती उठली आणि फरशीवर तिच्या पायांचा थपथप आवाज येत गेला, माझ्यापर्यंत. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खाली गेला.

"वाजवू दे तिले थोडं," ती म्हणाली.

आम्ही ऐकत उभे राहिलो. तेच परत परत होतं, अवघड जागा घोटल्यासारखं. मग एकदा ते न अडता पूर्ण झालं. परत सुरू झालं. मला माहीत होतं, हे असंच चालू राहणार, आणि माय इथून हलणार नाही, आणि उद्या परत ये म्हणणार.

दारातून चंद्रभान म्हणाला, "भाऊ, मले कुलूप लावाचं हाय. वाजवून झालं असन त झाकण लावा."

आमच्या कीबोर्डला झाकण नव्हतं. पियानोला असतं, हे मी इतक्या रविवारी बघून कधी ध्यानात घेतलं नव्हतं. पट्ट्यांच्या वर आत सरकवलेली लाकडी फळी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली. मायने माझं मनगट पकडलं, घट्ट, दुखेल इतकं. मग सोडलं.

"ताई," मी म्हणालो, "झालं वाजवून."

पट्ट्या थांबल्या. मी झाकण खाली आणलं. ते पूर्ण बसलं नाही. बोटभर उघडं राहिलं, लाकडाला काहीतरी मऊ लागलं होतं. जोर लावला असता तर बसलं असतं. मी जोर लावला नाही.

"बोटं काढ," मी म्हणालो. "चेंगरतीन."

मी झाकण थोडं उचलून धरलं, तिला काढता यावीत म्हणून. हात भरून आले तरी धरून राहिलो. मग हळूच परत खाली टेकवलं, आणि या वेळी ते बसलं.